दगडावरची पिवळी फीत

साहेब, खोटं तुम्ही बोललात. नोटीस मात्र आमच्या दारावर.

"मंडळाने वर्षभरात एकही विधायक उपक्रम राबवला नाही, उलट सार्वजनिक मालमत्तेचे विद्रूपीकरण केले." वाक्य तुमचं, सही तुमची. चिकटवणाऱ्याने इतका गोंद फासला होता की कागद ओढताना दाराचा रंग निघून आला. विद्रूपीकरण कशाला म्हणतात ते आम्हाला तेव्हा दिसलं. चोराच्या उलट्या बोंबा ऐकून माहीत होत्या, छापून आलेल्या पहिल्यांदाच पाहिल्या.

खुलासा मागितलाय ना? मग ऐका वर्षभर काय केलं ते. मी फ्रेमचं दुकान चालवते. शाळा अर्ध्यात सुटली, पुढचं वाचन लोकांच्या फोटोंखालच्या ओळींवर झालं. भाषा टोचली तर टोचू दे.

आमचं इतिहास मंडळ तुम्हाला ठाऊक आहे. जुन्या अग्निशमन केंद्राच्या वरच्या दोन खोल्या. जवान ज्या खांबावरून खाली घसरायचे त्याचं भोक पहिल्या खोलीत अजून आहे, वर फळी टाकलीय. भेटीला आलेली शाळेची पोरं सगळा इतिहास सोडून त्या फळीवर उड्या मारतात. दुसऱ्या खोलीत खुर्च्या, एक खिडकी, आणि चुकांची भिंत.

ही भिंत आमच्या अध्यक्षबाईंची कल्पना. बाई भूगोल शिकवून निवृत्त झाल्या, पण फळ्यासमोरची ऐट गेली नाही. मंडळाने आजवर जी जी चुकीची माहिती लावली, ती पाटी फेकायची नाही. तिला फ्रेम करायची, कोपऱ्यावर पिवळी फीत बांधायची, खाली दुरुस्तीचं कार्ड लावायचं आणि भिंतीवर टांगायचं. एका नगरप्रमुखांचा म्हणून लावलेला फोटो त्यांच्या स्वयंपाक्याचा निघाला. स्वयंपाकी जास्त रुबाबदार होता, म्हणून कुणाला शंकाच आली नाही. तोफेचा गोळा म्हणून मिरवलेला गोळा धान्याच्या काट्याचं वजन निघाला. सगळं आहे तिथे, फितीसकट. नवीन माणूस आला की बाई त्याला पहिल्यांदा त्या भिंतीसमोर उभं करतात. म्हणतात, "आधी आमची अब्रू बघा, मग आमची माहिती ऐका."

वर्षाची सुरुवात धडाक्यात झाली म्हणणार नाही. जुन्या विहिरींवर व्याख्यान ठेवलं, तर माईक बंद पडला आणि पुढच्या रांगेतल्या आजोबांनी घोरून वक्त्याला साथ दिली. मग गल्लीफेऱ्या केल्या. एकेक गल्ली चालायची आणि तिथल्या जुन्या माणसाला विचारायचं, इथं आधी काय होतं? एका फेरीत दोन सख्खे भाऊ रस्त्यातच भांडले. एक म्हणे इथं छापखाना होता, दुसरा म्हणे तबेला. आधी तबेला होता, मग छापखाना झाला. भाऊ अजून बोलत नाहीत. याला उपक्रम म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

मग आलं पुलाचं प्रदर्शन. जुन्या पुलाचा वर्धापन सोहळा तुम्हीच जाहीर केला होता. पुलाच्या तोंडाशी असलेला कोरीव दगड साफ करून नव्या खांबावर बसवायचा, वर झाकण, समोर भाषण. आम्हीही उत्साहात पुलाचे फोटो मांडले आणि दगडावरची ओळ बाईंनी सुंदर अक्षरात कार्डावर उतरवली. "हा पूल एकही जीव न गमावता बांधला गेला."

माझी आत्या दर प्रदर्शनाला येते आणि खिडकीशी बसते. मला तिनेच वाढवलं. बोलते कमी, पण बोलली की समोरच्याने खुर्ची शोधावी. त्या दिवशी ती कार्डासमोर उभी राहिली ती हलेचना.

"हे कुणी लिहिलं?"

"मी, आत्याबाई," बाई म्हणाल्या. "दगडावर आहे तसंच उतरवलंय."

"दगडाला काय, जे कोरलं ते तो बोलतो. माझा माणूस त्या पुलाखाली गेलाय."

मला हे माहीत होतं, साहेब. गावालाही माहीत होतं, पण वेगळ्या पद्धतीने. तिचा नवरा पुलाच्या पायाच्या विहिरीत कामाला होता. नदीच्या तळात मोठमोठ्या पोकळ विहिरी उतरवतात, माणसं आत जाऊन गाळ काढतात आणि विहीर खाली खाली सरकते. एक दिवस तो गेला. तुमच्या कार्यालयाने, म्हणजे तुमच्या आधीच्या साहेबांनी, सांगितलं की हा माणूस त्या दिवशी सुट्टीवर होता, दारू पिऊन नदीत पोहायला गेला आणि बुडाला. पुलाशी संबंध नाही. झालं. दगड स्वच्छ, पूल स्वच्छ, डाग तेवढा आत्याच्या घरावर. चाळीसएक वर्षं ती पोहणाऱ्या दारुड्याची बायको म्हणून जगली.

"अहो, बादलीत पाय बुडवायला घाबरायचा तो," आत्या म्हणाली. "पोटासाठी उतरायचा खाली. हौसेने कोण उतरेल?"

बाईंनी विचारलं, "तुम्हाला काय हवंय, आत्याबाई?"

"मला काही नको. तो कामावर होता. एवढं लिहा."

एवढं. तुमच्या दगडावर बसणाऱ्या चिमणीलासुद्धा जड होणार नाही इतकं.

मी तिथल्या तिथे फीत आणायला निघाले, तर आमचे सचिव आडवे आले. सचिव म्हणजे जन्मभर दवाखान्यात कंपाउंडर होते, आम्ही अजून कंपाउंडरच म्हणतो. औषध मोजावं तसं ते पुरावा मोजतात.

"थांब. आपला नियम काय? दोन माणसांनी तेच सांगितलं पाहिजे. एकमेकांना न भेटता. आत्याबाई तिथे नव्हत्या."

"तुम्ही तिला खोटं पाडताय?"

"मी तिला पक्कं करतोय," कंपाउंडर म्हणाले. "तुझी आत्या आहे म्हणून पुरावा सैल धरला, तर उद्या कुणीही साहेब फुंकर मारून उडवील."

मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही. आत्या मात्र म्हणाली, "बरोबर बोलला माणूस. कच्चं काम मला नको. कच्च्या कामानेच घात केला एकदा."

मग उन्हाळाभर आम्ही पुलाची माणसं शोधली. बागेतले बाक, चहाच्या टपऱ्या, दवाखान्याच्या रांगा. बरीच माणसं उरली नव्हती. जी उरली होती त्यातली काही पूल म्हटलं की गुडघ्याचं दुखणं सांगत. शेवटी डोळ्यांच्या दवाखान्यात कंपाउंडरांना क्रेनवाले काका सापडले. डोळे गेले होते, तोंड शाबूत होतं. ते मंडळात आले तेव्हा मला बाहेर बसवलं.

"का?"

"तू नातलग," कंपाउंडर म्हणाले. "नातलग समोर असला की माणूस त्याच्या तोंडाकडे बघून बोलतो."

"त्यांना दिसत नाही!"

"ऐकू येतं. तू गप्प बसणार आहेस का?"

मी जिन्यात बसले. ध्वनिमुद्रण नंतर ऐकलं, तेही आत्याच्या शेजारी बसून. क्रेनवाल्यांचा आवाज आधी थट्टेचा होता, बाईंना विचारत होते की चहात साखर घालायला मंडळाचा ठराव लागतो का. मग पुलाचं निघालं आणि आवाज खाली आला. म्हणाले, "मीच त्याला क्रेनच्या पाळण्यातून खाली सोडला. सकाळची पाळी. खालून पाणी फुटलं. दोरी हलली म्हणून पाळणा वर घेतला, तर त्यात कुणी नव्हतं. कार्यालयातून माणूस आला, म्हणाला, तू आज कुणाला सोडलं नाहीस. मी म्हटलं, सोडलं. तो म्हणाला, क्रेनवर दुसरा बसवायला वेळ लागत नाही. घरी चार तोंडं होती. मी गप्प बसलो. तेव्हापासून बसलोच आहे."

मला राग येईल असं वाटलं होतं. आत्याने मुद्रण बंद केलं आणि एवढंच विचारलं, "त्यांना घरी सोडायला कोण गेलं होतं? डोळ्यांनी दिसत नाही म्हणालीस ना?"

एक माणूस मिळाला. नियमाला दोन हवेत. सोहळा जवळ येत होता, तुमच्या मंडपवाल्याने खड्डेसुद्धा खणले होते आणि दुसरा माणूस काही मिळेना. कंपाउंडर हटायला तयार नाहीत. मी त्यांना तोंडावर म्हटलं, "सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही तुमचा." ते म्हणाले, "पीळ आहे म्हणून तर दोर आहे."

तेवढ्यात आमचा वस्तूदिवस आला. वर्षातून एकदा लोक घरातली जुनी वस्तू घेऊन येतात आणि तिची गोष्ट सांगतात. वस्तू नाही दिली तरी चालेल, गोष्ट द्यावी लागते. इस्त्र्या आल्या, कुलपं आली, एकाने आजोबांची कवळी आणली. दुपारी एक मावशी आल्या, लेकीचा हात धरून, काखेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा. पुलाच्या कामगारांची खानावळ त्यांची होती. काम संपल्यावर त्या लेकीकडे दूर राहायला गेल्या. प्रदर्शनाची बातमी ऐकून आल्या होत्या.

डब्यात सुया, बटणं, आणि एक पितळी बिल्ला.

मावशींनी सांगितलं ते असं. पाळीवर येणाऱ्याला फाटकावर सकाळी त्याचा ठरलेला बिल्ला मिळायचा, संध्याकाळी परत करायचा. खाली उतरणारे जेवणाचा डबा सोबत नेत. पण डबे हरवायचे फार, म्हणून मावशींनी आपला कायदा केला होता. बिल्ला माझ्याकडे ठेवा, डबा न्या. रिकामा डबा आणा, बिल्ला न्या.

"हा एक बिल्ला राहिला," मावशी म्हणाल्या. "डबा नेला त्याने, परत आलाच नाही. नंतर कार्यालयातली माणसं आली बिल्ला मागायला. मी म्हटलं, डबा आणा, बिल्ला न्या. माझा कायदा सगळ्यांना सारखा. डबा तर खाली गाळात. पुन्हा फिरकले नाहीत."

"कुणाचा होता हा?" बाईंनी विचारलं.

"नाव काय लक्षात राहतं हो. पाण्याला भिणारा होता. बाकीचे चिडवायचे त्याला."

मी उडालेच. कंपाउंडरांनी माझा दंड धरला, बिल्ला मुठीत घेतला आणि मागच्या मागे खिडकीपाशी गेले. आत्या वस्तूंच्या गर्दीपासून लांब बसली होती, तिला यातलं अक्षरही ऐकू गेलं नव्हतं. मूठ न उघडता त्यांनी विचारलं, "आत्याबाई, तुमच्या यजमानांच्या बिल्ल्याला काही खूण होती का?"

आत्या वर बघून म्हणाली, "पिन टोचायची त्याची. छातीवर ओरखडे यायचे. मी एकदा फाटकावर जाऊन दोरा गुंडाळून दिला होता. निळा. तो पुरला नाही, म्हणून शेवटाला पांढरा."

कंपाउंडरांनी मूठ उघडली. निळा मळून काळपट झाला होता. पांढरा पिवळा पडला होता. पण गुंडाळी तशीच घट्ट, शेवटची गाठसुद्धा. कंपाउंडरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. आयुष्यभर दुसऱ्यांना औषध देणारा माणूस, स्वतःला काय द्यावं ते त्याला सुचेना.

आत्याने बिल्ला घेतला नाही. मावशींकडे गेली आणि म्हणाली, "इतकी वर्षं सांभाळलात."

"डबा माझा होता ना," मावशी म्हणाल्या. मग दोघी इतक्या हसल्या की रडायला लागल्या.

बाईंनी त्याच दिवशी स्वतःच्या हाताने आपल्या सुंदर अक्षराच्या कार्डावर पिवळी फीत बांधली. खाली दुरुस्ती लावली. "ही आमची चूक. पायाच्या विहिरीत पाळीवर असताना एक कामगार मृत्यू पावला. तो सुट्टीवर नव्हता." फ्रेम मी केली. माझ्या दुकानातली सगळ्यात चांगली पट्टी लावली.

मग आम्ही तुमच्याकडे रीतसर आलो, साहेब. सोहळ्याआधी दगडावरची ओळ बदला म्हणालो. तुम्ही हसून म्हणालात, खातरजमा करू. तुमचा तपासनीस आला. बाई म्हणाल्या, बसा, मुद्रण ऐका. वेळ नाही. बिल्ला बघता? नको. चहा? नको. मोबाइल काढला, भिंतीचा फोटो घेतला, जिना उतरला. आणि तुमचं उत्तर आलं: ओळ कायम. कारण, मंडळाच्याच प्रदर्शनात तसं लिहिलेलं आहे.

तेव्हा आम्ही डोक्याला हात लावला. बाई म्हणाल्या, "फितीचा अर्थ कळला नसेल बिचाऱ्याला." मीही तसंच समजले. तोवर मी तुम्हाला मूर्ख समजत होते, साहेब. मूर्खाला माफी असते.

पण देव बघतो की नाही ते मला माहीत नाही, फ्रेमवाली मात्र बघते. दोन दिवसांनी तुमचा शिपाई माझ्याच दुकानात आला. गुंडाळलेला मोठा फोटो काउंटरवर पसरला. "ताई, सोहळ्यात मंचावर ठेवायचाय. सोनेरी फ्रेम करा."

बघते तर आमचंच कार्ड. आमचीच ओळ, टेबलाएवढी केलेली. वरच्या कोपऱ्यात पिवळ्या फितीचं टोक राहिलं होतं, जेमतेम नखाएवढं.

"खालचं कार्ड कुठे गेलं?" मी विचारलं.

"होतं की," शिपाई म्हणाला. "आधी पूर्णच काढला होता. मीच परत नेला कापायला."

"का?"

"साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, खालचं नको, उगाच जागा खातं."

वाचलं. म्हणजे तुम्ही वाचलं होतं. माणूस पाळीवर होता हे तुम्हाला कळलं होतं, आणि मग तुम्ही कात्री मागवलीत. तुमच्या आधीच्या साहेबांनी एकदा केलं, तुम्ही पुन्हा केलंत. फरक एवढाच, त्यांच्या वेळी चुकांची भिंत नव्हती.

शिपायाचा चेहरा उतरला. "माझं काही चुकलं का, ताई?"

"तुझं नाही रे. साहेबांना सांग, फ्रेमवाली अर्ध्या फोटोला फ्रेम करत नाही. पूर्ण आणा, सोनेरी काय, हवी ती लावून देते."

तुम्ही दुसरीकडून करून घेतलीत. भाषण मी ऐकलं. "एकही जीव न गमावता" म्हणताना तुम्ही हात असा वर नेलात, जणू विहिरीत तुम्हीच उतरला होता.

त्याच आठवड्यात आमची वार्षिक सभा झाली. मी पेटलेली होते. दगडाला काळं फासू, असं काहीतरी मी म्हणाले. बाईंनी डोळे वटारले. मग कंपाउंडर उभे राहिले. हाच माणूस, औषधासारखा पुरावा मोजणारा.

"आपला नियम साधा आहे," ते म्हणाले. "चूक पक्की झाली की फीत बांधायची आणि खाली दुरुस्ती लावायची. ही चूक आपल्या भिंतीवर नाही, पुलावर आहे. म्हणून नियम बदलतो का?"

कुणीतरी म्हणालं, साहेब चिडतील. बाई म्हणाल्या, "स्वयंपाक्याच्या फोटोवर फीत बांधली तेव्हा नगरप्रमुखांचे नातू चिडले होते. नंतर दोघांचे फोटो मागायला तेच आले." हात वर झाले. विरोधात कुणी नाही. आजोबा घोरत होते, त्यांचा हात आम्ही धरला नाही.

सकाळी, लख्ख उन्हात, लोक कामाला जात असताना आम्ही पुलावर गेलो. लपून काही केलं नाही. बाई, कंपाउंडर, मावशी लेकीसह, क्रेनवाले काका काठी टेकत. क्रेनवाले आत्याजवळ आले, चाचपडत थांबले. "वहिनी," म्हणाले, आणि काठी पुढे टेकवायला गेले.

"माझा हात धरा," आत्या म्हणाली. "इथे पायरी आहे."

फीत आत्याने बांधली. मी आपली मागून, "घट्ट बांध गं."

"मला शिकवू नकोस. बिल्ल्याची गाठ सुटली का?"

खाली दुरुस्तीचं कार्ड फितीलाच अडकवलं. दगडाला खिळा नाही, डिंक नाही, ओरखडा नाही. नुसती फीत. सायकलवाले थांबले, वाचलं, एकाने टोपी काढली. शाळेच्या पोरींनी विचारलं, हे काय? आत्याने सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने ही गोष्ट मान वर करून सांगितली.

दुपारी तुमच्या माणसांनी फीत कापली. दुसऱ्या दिवशी नोटीस. आणि तिसऱ्या दिवशी, साहेब, दगडावर पुन्हा फीत होती. ती आम्ही बांधली नव्हती. चौथ्या दिवशीचीही नाही. मला वाटतं त्यातली एक तुमच्या शिपायाची असावी, गाठ सरकारी फायलीची होती. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.

हे आमचं वर्ष. एक फसलेलं व्याख्यान, एक भावांचं भांडण, एक कवळी, आणि एक माणूस, जो तुम्ही नदीत फेकला होता आणि आम्ही पाळीवर परत आणला. याला विधायक म्हणत नाहीत असं तुमचं म्हणणं असेल, तर ते तुमच्यापाशी ठेवा.

खुलासा संपला. आता तुमची पाळी. बिल्ला मंडळात काचेखाली आहे, दोरा दिसेल असा ठेवलाय. तो माणूस सुट्टीवर होता, तर त्याचा बिल्ला खानावळीत कसा? आणि सगळं वाचून झाल्यावर तुम्ही कात्री का मागवलीत?

उत्तर लेखी द्या, सहीनिशी. मी त्याला फ्रेम करून ठेवेन. मंडळात दोन भिंती आहेत, एक माहितीची, एक चुकांची. तुमचं उत्तर कुठल्या भिंतीवर टांगायचं ते तुम्हीच ठरवणार आहात. आत्या खिडकीशी बसलीय.

उत्तर द्या.